देवापुढं ठेवलेली बाटली

प्रशांत, ये इकडं. असा पाहुण्यासारखा दारात उभा राहू नकोस, जवळ बस. पत्रात कसं जवळ बसायचं, म्हणशील. तुझं लहानपणापासून हेच, आधी शंका. खुर्ची ओढ, कागद मांडीवर घे आणि वाच, झालं जवळ. आणि ते फोनवर ‘बघू आई, पुढच्या वर्षी’ म्हणतोस ना, ते आता बंद कर. दोन वर्षं झाली बघतोयस. इतकं बघून एखाद्याला चष्मा लागला असता.

फोनवर मला बोलता येत नाही. माझाच आवाज मला परत ऐकू येतो आणि मी गोंधळते. मनात असतं एक आणि तोंडातून निघतं, ‘जेवलास का?’ म्हणून लिहायला बसलेय. माझी शाळा सातवीपर्यंतची, बाकीचं पुड्यांचे कागद वाचून शिकलेलं. तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नकोस. तू झोपला होतास तेव्हा काय झालं ते सांगायचंय, आणि तू आठवीत होतास तेव्हा काय झालं तेही. दोन्ही तुला ठाऊक नाही.

तुला वाटतं घर सोडून गेला तो तू. अरे, मीही गेलेय. सत्याऐंशी साली आपण खेतवाडी सोडली, तेव्हा टेम्पोत पुढं ड्रायव्हरजवळ तू आणि बाबा, आणि मागं कपाटाला पाठ लावून मी, मांडीवर देव. फडक्यात गुंडाळलेले अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. तुझी आजी खाली आली नाही. जिन्यात उभी राहून म्हणाली, “गाव बघू नये, सूनबाई, पाणी बघावं.” तेव्हा मला तिचा राग आला. दहा बाय बाराच्या खोलीत दोन बिऱ्हाडं, मध्ये साडीचा पडदा. त्यातून सुटून स्वतःच्या दोन खोल्यांत निघालेल्या बाईला कसलं पाणी आणि कसलं काय!

मग मीरा रोडला उतरले आणि कळलं.

काय ती घाण, देवा! आज तू त्या रस्त्यावर मिठाईची दुकानं बघतोस. तेव्हा आपली बिल्डिंग म्हणजे चिखलात उभी केलेली काडेपेटी. खाली म्हशी बसलेल्या. डास एवढे की बोलायला तोंड उघडलं तर आत. वारा पलटला की मिठागराचा उबट वास, आणि उत्तनकडून आला तर वाळत घातलेल्या बोंबलांचा. पेणकरपाड्यातल्या बायका सहज चालायच्या त्या चिखलातून. मी मात्र एक चप्पल बाहेर काढेपर्यंत दुसरी घालवून बसायची.

पण ते सगळं एकवेळ सोसलं असतं. पाणी! बोअरिंगचं ते मचूळ, खारट पाणी. हंडा दोन दिवस भरून ठेवला की कडेला पांढरी खरपुडी धरायची. साबणाला फेस नाही. डाळ तासभर उकळली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही. चहात दूध घातलं की फाटलंच. पहिल्या दिवशीचा चहा बाबांनी तोंडात घेतला, आणि मी बघत होते म्हणून गिळला. प्यायच्या पाण्याचा टँकर यायचा, पण तो कधी यायचा ते टँकरवाल्यालाही माहीत नसावं.

आता ऐक. दोन महिन्यांनी तुझी आजी यायची होती. पहिल्यांदाच. मी काय काय केलं, तुला माहीत नाही. टँकरचं पाणी मिळालं नव्हतं, मग बोअरिंगचंच उकळलं, निवळू दिलं, तुरटी फिरवली, धुवट पंच्याच्या चार पदरांतून गाळलं. खेतवाडीहून आणलेली वाळ्याची जुडी त्यात सोडली. नवा माठ आणला. दुसऱ्या दिवशी चव घेतली तर मला ते अमृत वाटलं. आता वाटतं, दोन महिन्यांत माझी जीभच मेली असणार.

आजी आली ती तू शाळेत असताना. उंबऱ्यातच मी पाय धुतले, बसवलं, गूळपाणी पुढं केलं. तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला, वर एक घोट घेतला आणि उठून सरळ मोरीत जाऊन थुंकली. नुसतं पाणी नाही, गूळसुद्धा. “हे पितो माझा मुलगा?” म्हणाली. “गुरांना तरी देतात का हे?” मी म्हणाले, “आई, गाळून घेतलंय.” तर म्हणाली, “जिथलं पाणी घशाखाली उतरत नाही ते घर नव्हे गं.” जेवली नाही. तुझे काका सोबत आले होते, त्यांना घेऊन दुपारीच परत गेली. तुला संध्याकाळी सांगितलं की आजीला बरं नाही, म्हणून आली नाही.

ती परत कधीच या घरात आली नाही. आपण खेतवाडीला जायचो सणावाराला, ती लाडू द्यायची तुझ्या हातात, सगळं नीट. पण इकडं यायचा विषय निघाला की म्हणायची, “बघू, थंडी सरू दे.” थंड्या दोन सरल्या आणि तीही गेली. मी तिच्यासाठी आणलेल्या माठात मग तांदूळ ठेवायला लागले.

आता तुझ्या बाटलीकडं येते. चुळबुळ करू नकोस.

तू अमेरिकेला गेल्यावर दोन वर्षांनी पहिल्यांदा घरी आलास. बुधवार होता. मी उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आत घेतलं, गूळपाणी ठेवलं. तू गूळ उचललास. आणि पाणी? बॅगेतून विमानतळावरची बाटली काढलीस, झाकण फिरवलंस आणि ते प्यालास. “पोट बिघडतं गं आई, सवय गेलीय,” म्हणालास. हसून म्हणालास. मीही हसले. पण तो पेला मी तसाच मोरीत रिकामा केला. तोवर आपल्याकडं पाइपाचं पाणी येऊन वर्षं झाली होती रे. गोड पाणी. मला ते तुला मिरवून दाखवायचं होतं.

मग तू बॅग उघडलीस. बनियनांत गुंडाळलेल्या दोन बाटल्या ओट्यावर ठेवल्यास आणि म्हणालास, “आई, ही माझ्या गावच्या समुद्राकाठी बनते. बाबा आले की उघडू.” माझ्या गावच्या! मी तिथंच अडकले. आणि तू जाऊन आडवा झालास तो विमानाची झोप काढायला, घोरायलाच लागलास.

आता मला सांग, मी काय समजायचं? बाटलीवर दीपस्तंभ, एक होडी आणि हिरवा वेल, त्याला द्राक्षांसारखे घोस. इंग्रजी मला येतं ते बसच्या नंबरापुरतं. मला वाटलं, द्राक्षाचं काहीतरी सरबत. आणि आपल्यात बाहेरून आलेली कुठलीही नवी वस्तू देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. तुझ्या पहिल्या पगाराचे पेढे नाही का मी आधी देवापुढं ठेवले? बाबा यायचे संध्याकाळी. देवाला एवढं ताटकळत ठेवायचं? माझी आंघोळ झालेलीच होती. बाटली पुसली, कुंकवाचं बोट लावलं, तुळशीचं पान घेतलं आणि ओपनरनं बूच काढलं.

फस्स!

अरे, काय तो फेस! विमानातून हलत आलेली, उन्हात तापलेली ती बाटली अशी काही उसळली की बाळकृष्ण दिसेनासा झाला. अन्नपूर्णेच्या पळीत फेस, समईत फेस, माझ्या नाकात फेस. मी म्हटलं, सोडा घातलाय सरबतात. पान ठेवलं, हात जोडले, ‘पोराला सुखी ठेव’ म्हटलं आणि उरलेलं तांब्याच्या पंचपात्रात ओतलं.

तेवढ्यात समोरच्या उषाबेन आल्या, ‘अमेरिकावाला बेटा’ बघायला. मी म्हटलं, सोतो है, पहिले तीर्थ लो. त्या माउलीनं उजव्या हाताची ओंजळ केली, मी पळीभर घातलं. तिनं डोळे मिटून घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि मग तिचा चेहरा असा आत आत गेला, जसा सुकलेला आवळा. पण बाई धीराची! गिळून म्हणाली, “अरे ताई, ये तो करियातु है! डायबिटीस के लिए एकदम बेस्ट. थोडा और दो ने.” आणि आणखी एक पळी पिऊन घरी गेली. जी बाई कांदा कापल्याचा हात तीनदा धुते, तिला मी काय पाजलं! आजही जिन्यात भेटली की विचारते, “वो अमेरिका का काढा फिर कब आयेगा?” मी म्हणते, बेटा आयेगा तब. तेवढं खरं आहे.

मग मी घेतलं. आई गं!

तुला पाडव्याला कडुलिंबाचा पाला खायला लावायचे, तू घर डोक्यावर घ्यायचास. तो पाला बरा. त्याला निदान पाठीवर गूळ असतो. हे म्हणजे आधी पपनसाच्या सालीचा वास, मग ओल्या गवताचा, मग सर्दीच्या बामाचा, आणि गिळायला जावं तर जिभेच्या मुळाशी किराईत आणि करपलेली मेथी एकत्र वाटून कुणी थापलीय. बरं, संपतही नाही. गेलं म्हणावं तर ढेकर येतो आणि पुन्हा सगळी वरात परत. मी मोरीत धावले.

मी चुळा भरतेय तोवर दारात जनाबाय. आपली तारोडीची कोळीण, दर बुधवारी मासळीची पाटी घेऊन यायची ती. तिनं दारातूनच नाक वर केलं. “काय गो बाय, आज सकालीच?” मी म्हटलं, “काय सकाळीच?” तर पाटी खाली ठेवून आत आली, पंचपात्राचा वास घेतला आणि जी हसत सुटली! “आगो बाय माजे, ही तं बियर हाय! देवाला पाजलीस काय? ओल्या बोंबलाचा नैवेद्य पन दाखव मंग!” चाखून बघितली तिनं, आणि तिचंही तोंड वाकडं. “आमची ताडी बरी. ती गोड तरी हाय. यो कसला कडू जहर! पैसं देऊन पितात ही?”

त्या हसण्यानं तू जागा झालास. डोळे चोळत बाहेर आलास, देवघर बघितलंस, जनाबाय, मी, आणि तुलाही हसू फुटलं. तिथं जर मी हसले असते तर सगळं मिटलं असतं, प्रशांत. जनाबायनं पुढची दहा वर्षं ही गोष्ट सांगून बोंबील विकले असते.

पण माझ्या डोक्यात तो न प्यालेला पेला बसला होता. देव बाटवले म्हणून तर होतंच, पण आधी तो पेला. मी ओरडले, “यासाठी गेलास तिकडं? ही घाण आणायला? माझं पाणी तुला बाधतं आणि हे गटार गोड लागतं!” आणि तुझ्यासमोर पुन्हा एक घोट घेतला, आणि पुन्हा थुंकले. पहिल्यांदा थुंकले ते सहन झालं नाही म्हणून. दुसऱ्यांदा थुंकले ते तुला दिसावं म्हणून. ते मी तुला आज लिहून देतेय. मग बाटलीतलं उरलेलं मोरीत ओतलं, वरून बादलीभर पाणी घातलं, तेही तुला दिसावं म्हणून.

तू एवढंच म्हणालास, “आई, त्यातली फुलं मी टाकलीत.”

मी विचारलंही नाही, कसली फुलं. मी देवांना दुधानं आंघोळ घालायला बसले. तू आठ दिवस आधीच परत गेलास, काम आलं म्हणालास. विमानतळावर पाया पडलास, मी दही दिलं तुझ्या हातावर, ते चाटलंस. सगळं नीट. अगदी खेतवाडीच्या लाडवांसारखं नीट.

तू गेल्यावर बाबांनी सांगितलं. तुम्ही दोघं गॅलरीत बसायचात तेव्हा तू त्यांना बोलला होतास. की तिकडं पहिलं वर्ष तू ऑफिस आणि खोली, खोली आणि ऑफिस, दुसरं कुणाशी बोललाच नाहीस. की समुद्राकाठी एका म्हातारीची छोटीशी भट्टी आहे. बाबांनी भट्टी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं रबरी नळ्या आणि पोलीसच आले, ते जाऊ दे. की तू पावसात आडोशाला तिथं उभा राहिलास आणि तिनं आत बोलावून सूप दिलं. की तिनं गाव विचारलं, आणि तू सांगितलंस भाईंदर, खाडी, मिठागरं, होड्या आणि वाळणारे बोंबील. ती म्हणाली, मग तू आमच्यातलाच. की तेव्हापासून दर शनिवारी तू तिथं जातोस, पिंपं धुतोस, आणि ते जे आणलं होतंस त्यात कडूपणासाठी लागणारी वेलीवरची हिरवी फुलं तिनं तुझ्या हातानं टाकून घेतली. हाताला चिकट लागतात म्हणे, दोन दिवस वास जात नाही.

मी माठ घेऊन बसले होते ना तुझ्या आजीसाठी, वाळा सोडून? तसाच तू फुलं टाकत होतास. आणि मी तुझ्या आजीसारखी उठून मोरीत गेले. बारा वर्षं मी त्या बाईला मनात बोल लावला. आणि वेळ आली तेव्हा हुबेहूब तिच्याच तोंडानं थुंकले, त्याच मोरीत. तू ‘बघू आई, पुढच्या वर्षी’ म्हणतोस, तेव्हा मला तिचं ‘थंडी सरू दे’ ऐकू येतं. म्हणून मला घाबरायला होतं रे. दुसरं काही नाही.

दुसरी बाटली तू बाबांच्या कपाटात ठेवून गेला होतास. त्यांनी दोन वर्षं हूं का चूं केलं नाही. गेल्या रविवारी कोट उन्हात घालायला काढले तेव्हा ती माझ्या हाताला लागली. तोच दीपस्तंभ, तीच होडी. मी ती फ्रिजमध्ये ठेवली. दुपारी जेवणं झाल्यावर काढली. देवघराला पडदा ओढला. तेवढी अक्कल आता आलीय. स्टीलचे दोन पेले घेतले आणि बाबांना म्हटलं, “या, बसा. पोरानं केलंय, चव घेऊ.” बाबा माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी घटस्फोटाचा कागद आणलाय.

खोटं सांगणार नाही. अजून घाणच लागते. दोन वर्षं कपाटात राहून अक्कल आली असेल म्हटलं तर नाही, उलट जुन्या फडक्याचा वास वाढलाय. बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, “वाईट नाही गं.” तोंड मात्र इंजेक्शन घेतल्यासारखं. मी पदरानं नाक धरलं आणि घेतला. जीभ म्हणाली थुंक. मोरी चार पावलांवर. मी खुर्ची घट्ट धरून बसले आणि गिळला. मग दुसरा. मग तिसरा. तीन घोट, प्रशांत. एकही थुंकले नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते कडूपणानं. बाबांनी विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं. उरलेलं बाबांनी संपवलं, आणि संध्याकाळपर्यंत उगाच जुनी गाणी गुणगुणत होते.

तेव्हा त्या म्हातारीला माझा नमस्कार सांग. म्हणावं, मुलाला आडोसा दिलास, सूप दिलंस, देव तुझं भलं करो. पण तुझं हे पेय माणसांसाठी आहे का ते एकदा डॉक्टरला विचारून घे. हे हसून सांग, म्हणजे तिला राग यायचा नाही.

बाटली मी टाकली नाही. आपल्या घरात काचेची बाटली टाकतात कधी? गरम पाण्यानं धुतली, पण वरचा कागद निघू दिला नाही, जपून धुतली. तिच्यात पाणी भरलंय. नळाचं, उकळलेलं, गाळलेलं, आणि आत वाळ्याच्या दोन काड्या. बूच नाही म्हणून वर छोटी वाटी उपडी घालते. दर दोन दिवसांनी ते तुळशीला घालते आणि नवं भरते. फ्रिज उघडला की तुझा समुद्र समोर उभा.

आजी म्हणायची, जिथलं पाणी घशाखाली उतरत नाही ते घर नव्हे. तिचं एवढं एक मी आता मानत नाही. मीरा रोडचं पाणी माझ्या घशाखाली उतरायच्या कितीतरी आधी हे माझं घर झालं होतं, माझंच मला कळलं नाही. तुझंही ते समुद्राकाठचं गाव तसंच असेल. असू दे. तुझी दोन घरं असतील तर असू देत, मला जागा कमी पडत नाही.

फक्त लवकर ये. पाडव्याला ये, नाहीतर त्याआधी. गूळ मी देईन, पाणी त्या बाटलीतलं देईन. तू एक घोट घे. नाही आवडलं, तर मोरी तिथंच आहे जिथं होती. जा आणि थुंक. मी काही बोलणार नाही. पण इथं येऊन थुंक.